कागदाची उमेदवारी आणि हाताची उमेदवारी

उमेदवार हा शब्द कानी पडला की हल्ली डोळ्यांपुढे निवडणुकीची पत्रके आणि ध्वनिक्षेपक उभे राहतात. आपल्या आजोबांच्या काळी या शब्दाचा रोजच्या वापरातला अर्थ निराळा होता. सुताराकडे, शिंप्याकडे, छापखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत काम शिकण्यासाठी राहिलेला मुलगा म्हणजे उमेदवार; आणि "मी अमक्या मिस्त्रींच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केली" असे सांगताना म्हाताऱ्या कारागिराचा आवाज किंचित चढत असे. आज महाविद्यालयांतून जिला इंटर्नशिप म्हणतात, ती या उमेदवारीचीच धाकटी बहीण होय. तिच्याविषयी या आठवड्यात लिहिण्याचे निमित्त बेळगुंदीच्या एका घरात घडले, ते प्रथम सांगतो.

बेळगुंदी हे बेळगावच्या पश्चिमेस, राकसकोप जलाशयाच्या बाजूचे गाव. तेथील एक कुटुंब आमचे जुने वाचक आहे. घरचे थोडे भाताचे शेत, माळावर रताळी, दोन म्हशी, आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा थोरला मुलगा. गेल्या वर्षी त्यांच्याकडे गेलो असता घरात वाद चालू होता. शेवटच्या वर्षी काही आठवडे उद्योगात काम केल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती आणि मुलापुढे दोन वाटा होत्या. पहिली अशी की, कोणा एका संस्थेकडे सहा हजार रुपये भरावयाचे, घरी बसून संगणकावर थोडे धडे पाहावयाचे आणि शेवटी सुबक छापलेले प्रमाणपत्र घ्यावयाचे. दुसरी वाट बेळगावातील एका ओतकामाच्या कारखान्यातून जात होती. तेथे रोज सकाळी हजर राहावयाचे होते आणि महिन्याला आठ हजार रुपये विद्यावेतन मिळणार होते.

वडिलांचा कल पहिल्या वाटेकडे होता. "पोराला इंजिनियर करायला घातलं ते भट्टीपुढं वाळू तुडवायला? कागद घरी बसून मिळतोय. तुम्हीच सांगा की, काय करायचं ते!"

मुलगा म्हणाला, "बाबा, त्या कागदाला पैसे आपण द्यायचे. इथं ते आपल्याला देणार आहेत."

आई इतका वेळ चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पहाटे जाईल, रात्री येईल, डब्याचं मी बघते. पण तिथं त्याला शिकवणार कोण, हे कुणी विचारलंय का?"

त्या संध्याकाळी या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते, आमच्यापाशीही नव्हते. पुढे विचार करता आमची खात्री झाली की, या विषयातला खरा प्रश्न त्या माउलीनेच विचारला होता.

हा प्रसंग एकट्या बेळगुंदीचा नव्हे. बेळगावात मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. राज्यभरची अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. त्याच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी चौदा ते वीस आठवड्यांची इंटर्नशिप घातलेली आहे. हेतू उत्तम आहे. परंतु मुले हजारो आणि त्यांना मनापासून शिकवणारी ठिकाणे थोडी, असे झाले की मधल्या जागेत व्यापारी उभा राहतो. जे मिळवावयाचे ते विकत मिळू लागते. सहा हजारांचे प्रमाणपत्र हे त्या टंचाईचेच फळ आहे. त्या संस्थेचे नाव आम्ही लिहीत नाही; अशा संस्था एक नाही, अनेक आहेत, आणि आमचे सांगणे आहे ते आपल्या घरच्या माणसांना.

विद्यालय आणि कारखाना यांची सांगड घालण्याची कल्पना काही कालची नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी १९०६ साली सत्तावीस विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. मुलांनी एक आठवडा वर्गात शिकावयाचे आणि दुसरा आठवडा कारखान्यात पगारी काम करावयाचे, असा तो क्रम होता. कारखान्यात पडलेला प्रश्न घेऊन मुलगा वर्गात येई आणि वर्गातले सूत्र घेऊन पुन्हा यंत्रापाशी जाई. ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. आपल्याकडे पिलानीच्या बिर्ला तंत्रविज्ञान संस्थेने १९७३ पासून असाच उपक्रम चालविला आहे. त्याची एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. तेथे विद्यार्थी उद्योगात जातात तेव्हा त्यांच्यावर देखरेख ठेवण्याची, त्यांचे काम तपासण्याची जबाबदारी संस्थेचे प्राध्यापकही वाहतात. मुलाला कारखान्याच्या दारात सोडून महाविद्यालय मोकळे होत नाही. गोव्यात झुवारीनगर येथे याच संस्थेची शाखा आहे, तेव्हा हे उदाहरण आपल्याला फार दूरचेही नाही.

आणि बेळगावाला तर यंत्रविद्येचा वारसाच आहे. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी येथे सायकलींचे दुकान काढले. त्यातूनच पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडले. १९१० साली कारखाना किर्लोस्करवाडीस गेला, पण लोखंडाशी बेळगावचे नाते तुटले नाही. आज उद्यमबाग आणि मच्छे भागात ओतकामाचे, यांत्रिक सुट्या भागांचे आणि जलदाबावर चालणाऱ्या उपकरणांचे कारखाने आहेत. निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गावर हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनतात. म्हणजे शिकण्याची जागा आपल्या दारापासून बसच्या अंतरावर आहे. उणीव आहे ती तेथे जाणाऱ्या मुलाला हाताला धरून शिकविण्याच्या व्यवस्थेची.

सरकारने या बाबतीत काय केले आहे, तेही पाहू. संसदेने १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. १९७३ साली त्यात पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ साली नियम बदलले तेव्हा पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये आणि पदविकाधारकाचे ८,००० रुपये ठरविण्यात आले. ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे काम करतात, तिला ठराविक प्रमाणात उमेदवार घेणे बंधनकारक झाले. या कायद्याचा गाभा म्हणजे करारपत्र. मालक आणि उमेदवार यांनी त्यावर सही करावयाची, उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकाने करावयाची, आणि तो करार सरकारदरबारी नोंदवावयाचा. सीमेवरच्या आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट जाणून असावे. पदवीधरांच्या उमेदवारीसाठी जी विभागीय मंडळे आहेत, त्यांपैकी कर्नाटक चेन्नईच्या मंडळाकडे येते, तर महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या मंडळाकडे. चौकशी करताना चुकीच्या दारात ताटकळू नये म्हणून हे सांगितले.

मात्र महाविद्यालयात शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली इंटर्नशिप आणि या कायद्याखालची उमेदवारी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीत विद्यावेतन द्यावे की न द्यावे, हे बहुधा कारखान्याच्या मर्जीवर राहते. म्हणूनच तेथे घरच्यांनी अधिक सावध असले पाहिजे.

२०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली. तेव्हाच्या अटींप्रमाणे ती एकवीस ते चोवीस वर्षे वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण किंवा पूर्णवेळ नोकरी करीत नसलेल्या तरुणांसाठी होती. मोठ्या कंपन्यांत बारा महिने काम, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये, असे तिचे स्वरूप ठरले. पहिल्या फेरीत कंपन्यांनी ८२,००० हून अधिक जागा देऊ केल्या. त्यांतल्या सुमारे २८,००० तरुणांनी स्वीकारल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते सुमारे ८,७००. इतके तरुण मागे का राहिले? ठिकाण दूर, मुदत लांब आणि काम आपल्या आवडीचे नाही, अशी कारणे पुढे आली. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. परगावी खोली घेऊन, खानावळीचे पैसे भरून पाच हजारांत महिना काढावयाचा म्हणजे घरून पैसे मागविणे आलेच. ज्या घरात दुधाच्या पैशावर आठवड्याचा बाजार होतो, त्या घरातून ते कसे यावेत?

म्हणून विद्यावेतनाचा प्रश्न क्षुल्लक मानू नये. "शिकायला मिळते आहे ना, मग पैसे कशाला?" असे म्हणणारे प्रतिष्ठित लोक आम्हांस भेटतात. त्यांच्या मुलांना बसचा पास आणि दुपारचे जेवण घरून मिळते. फुकट उमेदवारी करणे ज्याला परवडते, त्यालाच जर अनुभव मिळणार असेल, तर गरिबाचा हुशार मुलगा पहिल्या पायरीवरच अडेल. शिवाय ज्या माणसासाठी पैसे मोजावे लागतात, त्याच्याकडून काय काम घ्यावे याचा मालक विचार करतो. फुकटचा माणूस बहुधा कागदांच्या नकला काढणे आणि चहा सांगणे यांतच संपतो.

या संदर्भात एका जुन्या कागदाची आठवण होते. इटलीतील तुरीन शहरी संत जॉन बॉस्को गरीब, पोरक्या मुलांना आश्रय देत असत. त्या काळी कारागिरांकडे राहणाऱ्या मुलांचे हाल होत. त्यांना धंदा शिकविण्याऐवजी ओझी वाहावयास लावीत, मारीत, सुटी देत नसत. डॉन बॉस्कोंनी मुलांच्या वतीने मालकांशी लेखी करार करण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी ८ फेब्रुवारी १८५२ रोजीचा एक करार आजही जपलेला आहे. जोसेफ ओदास्सो नावाच्या मुलाने बेर्तोलिनो या सुताराकडे दोन वर्षे राहून काम शिकावे, असा तो करार होता. सुताराने त्यात कबूल केले की, आपण मुलाला धंदा शिकवू. चूक झाली तर शब्दांनीच सुधारू, हात उगारणार नाही. धंद्याशी संबंध नसलेली किंवा त्याच्या शक्तीबाहेरची कामे सांगणार नाही. काळाप्रमाणे वाढत जाणारी मजुरी देऊ. सणवार मोकळे ठेवू आणि वर्षाकाठी पंधरा दिवस सुटी देऊ. मुलानेही कबूल केले की, आपण मन लावून, आज्ञेत राहून काम शिकू. मालक, मुलगा, मुलाचा बाप आणि डॉन बॉस्को अशा चौघांच्या त्यावर सह्या आहेत.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हा करार आम्ही पुन्हा पुन्हा वाचला तेव्हा ध्यानात आले की, आजच्या चांगल्या इंटर्नशिपला लागते ते सारे त्यात आहे. काय शिकवावयाचे, कोणी शिकवावयाचे, किती द्यावयाचे, आणि चूक झाली तर कसे वागावयाचे, या चार गोष्टी त्यात लिहिलेल्या आहेत. सहा हजारांच्या प्रमाणपत्रात यांपैकी एकही नसते.

बेळगुंदीच्या घरी हे आम्ही सांगितले. मुलगा धीटपणे कारखान्यात गेला आणि त्याने आईचा प्रश्न मालकांना विचारला. मालक क्षणभर थांबले आणि मग वाळू विभागातील एका जुन्या मिस्त्रींना बोलावून म्हणाले, "हा तुमच्याकडे." एवढे झाल्यावर वडिलांनी होकार दिला, पण मनातून ते नाखूषच होते.

ओतकामात लोखंडाचा रस ज्या साच्यात ओततात, तो साचा वाळू, विशिष्ट माती आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणाचा असतो. पाणी कमी पडले तर साचा ढासळतो. जास्त झाले तर तापलेला रस लागताच त्याची वाफ होते, तिला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही आणि लोखंडात पोकळ छिद्रे राहतात. हे सर्व मुलाने परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी त्याला वाळू मुठीत घेऊन आवळावयास लावली आणि मूठ उघडून तो गोळा मोडावयास सांगितला. कडा स्वच्छ मोडली तर वाळू ठीक, हाताला चिकटली तर ओली. "यंत्र पण सांगतं. पण यंत्र बिघडलं तर तुझा हात सांगायला पाहिजे," असे ते म्हणाले.

वैशाखात एका रात्री वळीव कोसळला. उघड्यावरची नवी वाळू भिजली. सकाळी मिश्रणाचा हिशेब मुलाकडे होता. त्याने पाण्याचे माप नेहमीचेच धरले. वाळूने रात्रीत पिऊन ठेवलेले पाणी वजा करावयाचे राहून गेले. दुपारी साचे फोडले तेव्हा बरेच नग नापास झाले. त्या रात्री मुलगा जेवला नाही आणि "उद्या जात नाही" म्हणू लागला. वडिलांनाही वाटले की, आपलेच म्हणणे खरे ठरले.

तरी दुसऱ्या दिवशी तो गेला. मिस्त्रींनी नापास झालेला एक नग त्याच्यापुढे ठेवला, हातोडा दिला आणि म्हणाले, "फोड." तुटलेल्या भागात लहान लहान पोकळ्या दिसल्या. "बोट लाव. आतून गुळगुळीत आहे, म्हणजे वाफेचं काम. खरबरीत असतं तर लोखंड आकसलं असं समजायचं, मग दोष वाळूचा नसता." इतकी वर्षे शाळा-महाविद्यालयात काढलेल्या मुलाला हा फरक त्या दिवशी बोटाने कळला. नुकसानीबद्दल त्याला कोणी एक शब्द बोलले नाही. मात्र पुढे महिनाभर रोज सकाळी वाळूची नोंद त्यानेच ठेवावी, असे ठरले. त्याने त्या नोंदींचा संगणकावर तक्ता केला. कोणत्या दिवशी कोणता दोष वाढतो, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात दिसू लागले आणि मग ते मिस्त्रीच त्याला विचारू लागले, "आज तुझा कागद काय म्हणतो?"

मुदत संपली. त्या कारखान्यात कायमची जागा नव्हती, ती त्याला मिळाली नाही. हे सांगितलेच पाहिजे, कारण इंटर्नशिप म्हणजे नोकरीची हमी असा समज करून घेणे चुकीचे आहे. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखत झाली. तेथे त्याला प्रमाणपत्राविषयी कोणी विचारले नाही. टेबलावर एक सदोष नग ठेवला होता आणि त्यात काय बिघडले असावे, एवढेच विचारले. त्याने प्रथम बोट लावून पाहिले. आज तो तेथे काम करीत आहे.

ही हकीकत वाचून आमच्या वाचक कुटुंबांनी काय करावे? मुलगा किंवा मुलगी इंटर्नशिपचे नाव काढील तेव्हा आईबापांनी पुढील गोष्टी निर्भयपणे विचाराव्यात. शिकविणाऱ्या माणसाचे नाव काय? तो आठवड्यातून किती वेळ देणार? काम कोणते आणि किती दिवसांचे? विद्यावेतन किती, ते कोणत्या तारखेस मिळणार, आणि हे सारे कागदावर लिहून मिळेल काय? कोणी उलट पैसे मागू लागला, तर तेथेच बोलणे थांबवावे. भट्टी, यंत्र किंवा वीज यांजवळचे काम असेल तर पायांत बूट, डोळ्यांवर चष्मा आणि अपघात झाल्यास उपचाराची सोय कोण करणार, हेही विचारावे. "असे विचारले तर जागा जाईल" अशी भीती वाटते खरी. परंतु इतक्या साध्या प्रश्नांनी जी जागा जाते, ती शिकविण्यासाठी नव्हतीच असे समजावे.

मुलींच्या बाबतीत आपण अधिक कचरतो. "मुलगी आहे, कारखान्यात नको," असे म्हणून घरीच बसवितो आणि कागदाचे प्रमाणपत्र बहुधा तिच्याच वाट्याला येते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा छळ रोखण्यासाठी २०१३ साली झालेला कायदा शिकाऊ आणि उमेदवार मुलींनाही लागू आहे, आणि दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती असणे त्याने बंधनकारक केले आहे. तेव्हा समिती कोठे आहे, येण्याजाण्याची वेळ कोणती, परतीची बस किती वाजता, हे पाहून मुलीला पाठवावे. मन लावून शिकण्याचा हक्क तिचाही तितकाच आहे.

तरुणांनाही दोन शब्द. विद्यावेतन हा पगार नव्हे, आणि भीकही नव्हे. कोणी आपला वेळ खर्चून तुम्हांला शिकवीत असेल, तर वेळेवर जावे, वही ठेवावी, न समजलेले त्याच दिवशी विचारावे आणि चूक झाली तर लपवू नये. ज्याच्याकडे शिकावयाचे तो कदाचित सातवीपर्यंतच शिकलेला असेल, कन्नडात किंवा मोडक्या हिंदीत बोलेल. त्याची भाषा शिकून घ्यावी. सीमाभागातल्या मुलांना दोन-तीन भाषा लहानपणापासून कानी पडतात, हे येथे मोठे भांडवल आहे.

शेवटी आमच्या त्या वाचकांविषयी. जे कारखान्यांत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत वीस-वीस वर्षे काम करून अनुभवी झाले आहेत, असे लोक आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांनी आपल्या ठिकाणी एका तरी विद्यार्थ्याला हाताखाली घेण्याविषयी मालकांशी बोलावे. रविवारी उपासनेनंतर अर्धा तास गावातल्या मुलांपाशी बसून आपल्या कामाची माहिती सांगितली, तरी पुष्कळ होईल. त्या वाळूच्या मिस्त्रींनी याहून निराळे काही केले नव्हते.

परवा आम्ही पुन्हा बेळगुंदीस गेलो होतो. शेजारच्या घरची मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कोठून तरी पत्र आले होते आणि ते दाखवावयास तिचे वडील आले होते. आमच्या मित्राने ते पत्र उलटसुलट करून पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे सगळं झकास आहे हो. पण शिकवणार कोण, ते लिहिलेलं दिसत नाही." आतून त्यांच्या पत्नीचे हसणे आम्हांस ऐकू आले.